वेळ कोण देतं?

पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मज्जारज्जूला इजा होऊन अपंगत्व आलेल्या जवानांसाठी ते १९७४ साली सुरू झालं. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास समाजासाठी द्यावे लागतात. त्यातला एखादा दिवस अशा एखाद्या संस्थेत जातो आणि तेवढे तास विद्यार्थ्याने दिले म्हणून वहीत नोंदले जातात. माझ्या मते त्या दिवशी जास्त मोलाचा वेळ जवानाने दिलेला असतो. हे मान्य केलं, तर दिवसाची आखणी त्याला विचारूनच व्हायला हवी.

कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला त्वचेवर पडणारा दाब कळत नाही. अंथरुणावर असेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. खुर्चीत असेल तर हातांवर जोर देऊन मधूनमधून अंग उचलावं लागतं. यात कसूर झाली की बेडसोअर होतो आणि तो भरून यायला महिने लागू शकतात. शिवाय कॅथेटरची स्वच्छता, शौचाची बांधलेली वेळ, व्यायाम. अशी सकाळ उरकेपर्यंत बराच दिवस वर आलेला असतो. अकरा वाजता चाळीस मुलं गुलाबाची फुलं घेऊन येणार असली, की कुणाचा तरी व्यायाम पुढे जातो. त्यात मुलांना लढाईची गोष्ट ऐकायची असते. मुरलीकांत पेटकर या जवानाला १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. हा पराक्रम मुलांना सांगायलाच हवा. पण पाठीचा कणा रस्त्यावरच्या अपघातातही मोडतो, उंचावरून पडूनही मोडतो. सुट्टीवर गावी आलेला जवान मोटारसायकलवरून पडला, तरी त्याचे पाय तितकेच निकामी होतात. त्याला 'तुम्ही कुठल्या युद्धात होता?' असं विचारलं, की स्वतःचं दुखणं कमी प्रतीचं असल्यासारखं उत्तर द्यावं लागतं. आदरापोटी विचारलेल्या प्रश्नाने असा सल लागावा, याचं मला फार वाईट वाटतं.

मग मुलांनी जाऊच नये का, असं कुणी विचारेल. जावं, पण हाताला काम घेऊन जावं. पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्याची बोटं आखडली आहेत, त्याला यंत्रावर ठसा देणं जड जातं. २०२१पासून फोनवर चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय झाली आहे. इथे विद्यार्थी खरोखर उपयोगी पडतो. खिडकीकडे तोंड करून खुर्ची वळवायची का, ते आधी विचारायचं, फोन डोळ्यांच्या रेषेत धरायचा, आलेला ओटीपी मोठ्याने न वाचता त्यांच्यासमोर धरायचा. काम दहा मिनिटांचं, पण त्यात व्यवहार कुणाचा आहे हे विसरायचं नाही. काही जण म्हणतील, ही सरकारची जबाबदारी आहे. आहेच. परिचारक, औषधं, पेन्शन यांची जागा विद्यार्थ्यांनी भरून काढू नये. पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवणं तर प्रशिक्षण नसलेल्याने करूच नये. मुलं प्रमाणपत्रासाठी येतात, हा आक्षेप मला कमी महत्त्वाचा वाटतो. दाखला वेळेत गेला, तर पोरगं कशासाठी आलं होतं याने पेन्शनला फरक पडत नाही. एका दिवसात ओळख होत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून चाळीस जणांची एक सहल नेण्याऐवजी तेच चौघे महिन्यातून एकदा, वर्षभर गेले तर बरं. एकूण तास साधारण तेवढेच भरतात आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला युद्धाऐवजी क्रिकेटवर, मुलीच्या बारावीवर बोलणं निघू शकतं.

यासाठी सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी तारीख ठरवण्याआधी संस्थेला फोन करावा. तिथे राहणाऱ्यांना काय हवंय, कुठली वेळ सोयीची आहे, ते विचारावं. 'या महिन्यात नको' असं उत्तर आलं, तर नाराज न होता पुढच्या महिन्याचं विचारून ठेवावं.