वापरून सैल होईल!

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याला लहानपणापासून सांगत आले आहेत. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हा उपदेश करताना त्याच्या डोळ्यांसमोर पायाची फक्त लांबी होती, असा माझा जुना संशय आहे. माझे पाय आडवे पसरतात. त्यांना अंथरूण कितीही लांब दिलं तरी काही उपयोग नाही.

याला कारण आमचं बालपण. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात शाळेत जाताना पायात काही घालायचं असतं, हीच मुळी कल्पना नव्हती. चपला होत्या त्या वडिलांना, आणि त्याही तालुक्याला जाताना. गावाबाहेर पडल्यावर ते त्या घालत आणि गाव आलं की काढून हातात घेत. सातवीपर्यंत मी अनवाणी हिंडलो. त्यामुळे माझी दहाही बोटं वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखी नव्हे, तर शेतावरच्या घरांसारखी ऐसपैस वाढली. शेजाऱ्याच्या अंगावर रेलायची सवयच त्यांना कधी लागली नाही.

आठवीला साताऱ्याला शिकायला गेलो तेव्हा ड्रिलसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट घेणं भाग पडलं. दुकानदाराने माझा पाय त्या बुटात कोंबला, वरून अंगठ्याने दाबून पाहिलं आणि वडिलांना म्हणाला, "जरा घट्ट वाटेल सुरुवातीला. वापरून सैल होईल."

आज मी पासष्ट वर्षांचा आहे. हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक दुकानात ऐकलं. नोकरीला लागलो तेव्हाचे बूट, लग्नातले बूट, मुलीच्या लग्नातले बूट. त्यातला एकही सैल झाला नाही. मी मात्र झालो.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून वेताळ टेकडीवर जाऊ लागलो. तिथे आमचा एक कंपू जमला. कंपू म्हटला की त्यात एक उत्साही माणूस असतोच. आमच्या उत्साही माणसाने एके दिवशी जाहीर केलं की आता नुसतं चालायचं नाही, ट्रेल रनिंग करायचं. ट्रेल रनिंग म्हणजे डोंगरातल्या पायवाटेने धावणे. आमच्या गावी डोंगरातून धावत सुटलेला माणूस दिसला की त्याची म्हैस हरवली आहे असं समजत आणि चार जण मदतीला धावत. पुण्यात त्यासाठी वेगळे बूट मिळतात.

म्हणून दुकानात गेलो. तिथल्या तरुण मुलाने माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "काका, तुमचा पाय ब्रॉड आहे. तुम्ही एक नंबर मोठा घ्या."

"पण लांबीला सात नंबर बरोबर बसतो."

"हो, पण आठ घेतला की रुंदीला थोडा सैल पडेल. आणि राहिलेला वापरून..."

"सैल होईल," मी म्हणालो. हे वाक्य मला पाठ होतं.

आठ नंबरचे बूट घेऊन मी त्या रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. चढताना सगळं ठीक होतं. बूट माणसाची खरी परीक्षा उतरताना घेतो. उतारावर माझा पाय बुटात पुढे घसरू लागला. करंगळी मात्र जागची हलेना, कारण ती दोन्ही बाजूंनी अडकलेली. म्हणजे एकाच बुटात मला पुढे जागा जास्त होती आणि बाजूला कमी. आपल्याकडच्या पुष्कळ फ्लॅटांची रचना अशीच असते. खाली पोचलो तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती आणि करंगळ्यांना फोड आले होते. घरी हिने पाय पाहिले आणि म्हणाली, "अहो, बक्षीस मिळालं का काही?"

मग पंधरा दिवस घरात बसून मी बुटांचा अभ्यास केला. निवृत्त माणसाला कुठल्याही विषयाचा अभ्यास चालतो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की इंग्रजी बुटाच्या नंबराचं मूळ माप म्हणजे बार्लीचा, म्हणजे आपल्या जवाचा दाणा. तीन दाणे म्हणजे एक इंच, आणि एका दाण्याला एक नंबर. म्हणजे नंबर एकाने वाढवला की लांबी जवळजवळ साडेआठ मिलिमीटर वाढते. रुंदी वाढते ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. माझा पाय रुंदीला कमी पडत होता आणि मला लांबी दिली जात होती. भुकेल्याला पाणी पाजण्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट, रुंदीचंही वेगळं माप असतं. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या गृहस्थांनी 1920च्या दशकात पाय मोजायचं एक यंत्र तयार केलं. त्यात लांबी आणि रुंदी वेगवेगळी कळते. पुरुषांची साधारण रुंदी 'डी', त्याहून रुंद 'टू-ई' आणि त्याहून रुंद 'फोर-ई'. माझा पाय फोर-ईमध्ये निघाला. आमच्या शाळेतसुद्धा 'ड'च्या पुढे तुकडी नव्हती.

तिसरी गोष्ट मात्र ऐकून मी खुर्चीतून उठलो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22मध्ये देशभरातल्या लाखाहून जास्त माणसांचे पाय मोजले आणि निष्कर्ष काढला की आपल्या लोकांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद आहेत. त्यावरून 2024 साली 'भा' नावाच्या भारतीय मापाचा प्रस्तावही पुढे आला. म्हणजे पन्नासाहून जास्त वर्षं मी ज्याला माझा दोष समजत होतो, तो दोष नव्हताच. दुसऱ्याच्या शेतातल्या जवाच्या दाण्याने माझा पाय मोजला जात होता, एवढंच. मी हे हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं. पण सोफ्यावरचे पाय खाली घ्या."

इथे खरा प्रश्न सुरू होतो. पाय आणि बूट यांचं जमलं नाही तर बदलायचं कुणी? संत म्हणतात मन बदला, क्रांतिकारक म्हणतात जग बदला, दुकानदार म्हणतो नंबर बदला. आम्ही मध्यमवर्गीय माणसं काहीच बदलत नाही. आम्ही वाट पाहतो, सैल होण्याची.

अर्थात सगळा दोष बुटावर ढकलणंही बरोबर नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला 1960च्या रोम ऑलिंपिकमधली मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला, हे आपल्याला ठाऊक असतं. पण 1964 साली टोकियोत तोच माणूस बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला, हे आपण विसरतो. बुटाशी त्याचं वैर नव्हतं. आणि बुटावाचून जीव जातात हेही खरं. 1935 साली आल्प्समध्ये व्हिटाले ब्रामानी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती मृत्युमुखी पडले. त्यांची पादत्राणं त्या हवेला आणि त्या कड्यांना पुरी पडली नाहीत, असं त्याला वाटलं. मग त्याने खडकावर पकड घेणारा खाचांचा रबरी तळ तयार केला. डोंगरातल्या बुटांना आज जो दातेरी तळ असतो त्याचं मूळ तिथे आहे. तेव्हा अनवाणी हिंडा, हे काही उत्तर नव्हे. भरताने रामाच्या पादुका डोक्यावर घेतल्या, सिंहासनावर ठेवल्या, पायात घातल्या नाहीत. मापाचा प्रश्न त्याने मोठ्या खुबीने टाळला. आपल्याला तसं करता येत नाही.

विचार करता करता मला आमच्या गावचे चांभारकाका आठवले. ते वडिलांचं पायताण करायचे. माप घ्यायचं म्हणजे जमिनीवर कागद ठेवायचा, त्यावर वडिलांनी उभं राहायचं आणि काकांनी पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढायची. डावा कागद वेगळा, उजवा वेगळा. पायताण तयार झालं की तेही म्हणायचे, "जरा चावंल. वापरून सैल हुईल." आणि ते खरंच सैल व्हायचं!

मग आमच्या दुकानदारांचं वाक्य खोटं कसं ठरलं? त्याचं उत्तर मला त्या काळ्या नखांकडे पाहताना सापडलं. चांभारकाका चामड्याबद्दल बोलत होते. चामडं ही एकेकाळी कुणाची तरी कातडी असते. तिला ताण कळतो. घाम लागला, ऊब लागली की ती पायाच्या आकाराची होते. आजच्या बुटाला असतं नायलॉनचं विणलेलं कापड आणि वरून चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी. ते सैल होत नाही. ते करंगळीशी फाटतं. म्हणजे बूट टिकण्याचा प्रश्नही शेवटी मापाचाच आहे. चामडं गेलं, पण चामड्यासाठी केलेला उपदेश मात्र मागे राहिला.

आणखी एक गोष्ट आहे. चामडंसुद्धा आपोआप सैल होत नसे. आई रोज रात्री त्या पायताणाला तेल पाजायची. आठवडाभर. उपदेश सांगणारे तेलाचं नाव घेत नाहीत.

इथपर्यंत आलो आणि मला एक टेलिफोन आठवला.

2009 साली आमच्या मुलीचं लग्न झालं. मुलगी नागपूरला गेली. चार महिन्यांनी एका दुपारी तिचा बँकेत फोन आला. घरी न करता बँकेत केला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाली, "बाबा, इथे मला जमेल असं वाटत नाही." भांडण नव्हतं, मारझोड नव्हती, कुणी वाईट नव्हतं. नुसतं जमत नव्हतं. माझ्यासमोर काउंटरवर माणसं उभी होती. मी म्हणालो, "अगं, नवा जोडा आहे, चावणारच. वापरून सैल होईल." जोड्यावरची ही कोटी मला तेव्हा फार आवडली होती. ती थोडं हसली आणि म्हणाली, "बरं, ठेवते."

त्यानंतर तिने तक्रार केली नाही. आम्ही चारचौघांत सांगत होतो, मुलगी छान रुळली. पण पायाला घट्टा पडला तरी बूट चावायचा थांबतोच. बूट सैल झाला की घट्टा पडला, हे बाहेरून सांगता येत नाही. बूट काढून पाय पाहावा लागतो. मी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी मी दोन कागद जमिनीवर ठेवले. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि माप तेव्हाच घ्यावं. हिने पेन्सिलीने रेघ ओढली. लांबी साडेपंचवीस सेंटिमीटर, रुंदी अकरा. ते कागद घेऊन मी दुसऱ्या दुकानात गेलो. बुटातला आतला सोल बाहेर काढून घेतला आणि त्यावर उभा राहिलो. पाय सोलाच्या बाहेर आला की तो बूट बाद, मग तो कितीही देखणा असो. सहावा जोड पसंत पडला. बोटांशी रुंद, टाचेशी घट्ट, पुढे अंगठ्याएवढी जागा, तळाला चांगल्या चार-पाच मिलिमीटरच्या खाचा. दुकानातल्या मुलीने विचारलं, "काका, कुठे टोचत नाही ना? आत्ता टोचत असेल तर घेऊ नका. हे नंतर सैल होत नाहीत."

माझं आयुष्य गेलं हे वाक्य ऐकायला!

रात्री मुलीला फोन लावला. बुटाची सगळी हकीकत सांगितली. ती नखांना हसली, फोर-ईला हसली. मग मी तिला तो 2009चा फोन आठवतो का म्हणून विचारलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

"आठवतो," ती म्हणाली. "चामड्याचाच निघाला बाबा, म्हणून निभावलं. बराचसा सैल झाला. एक-दोन ठिकाणी घट्टा आहे, तो राहील. पण तेव्हा कुणीतरी तेल लावायला आलं असतं तर बरं झालं असतं."

मला पटकन काही सुचेना. कोटी तर नाहीच नाही. शेवटी म्हणालो, "मी येतो पुढच्या आठवड्यात."

"आता? आता कशाला?"

"नवे बूट घेतलेत," मी म्हणालो. "जरा लांबवर चालून बघायचे आहेत."