उठता यायला हवं

लास वेगासमधला ‘मिराज’ हा कॅसिनो जुलै 2024 मध्ये बंद झाला. दारापुढचा कृत्रिम ज्वालामुखी विझला. जुन्या खेळाडूंना मात्र आठवत राहिली ती तिथली पोकरची खोली. पत्ते पिसल्याचा आवाज. बोटांत खुळखुळणाऱ्या चिप्स. समोरच्याचा निर्विकार चेहरा.

जुगाराचं कौतुक मी करणार नाही. त्यापायी कित्येकांची घरं बसलीत. पण एक गोष्ट बघा. चांगला खेळाडू हरला, की आदळआपट न करता उठतो. उठता यायला हवं, मंडळी. वादातून उठता यायला हवं. मानाच्या खुर्चीवरूनही.

मिराजही तसाच उठला. शेवटच्या दिवसांत त्यानं साठलेल्या जॅकपॉटच्या रकमा सोडती काढून वाटून टाकल्या. नियमच तसा होता म्हणा! तरी देणं फेडून दार लावलं. आपल्याकडे कुणाचं पुस्तक, कुणाचा डबा राहिलाय का? आज जरा बघाच.