हातोडा पडल्यावर

आर्वीतल्या वाड्याच्या वाटण्या झाल्या. जेवणघरातला कोरीव सागवानी साइडबोर्ड तेवढा राहिला. चार वारसांत तो चिरता येत नाही, म्हणून लिलावात द्यायचं ठरलं. लिलाववाल्यांनी त्याचा इतिहास लिहून मागितला. त्यावरून आत्या आणि पुतण्याचं झालेलं हे बोलणं.

पुतण्या : एकच ओळ लिहू. बापूंसाठी आणलेलं शेळीचं दूध याच्याच फळीवर झाकून ठेवलं होतं.

आत्या : पाहिलं कोणी?

पुतण्या : आजी सांगायची.

आत्या : तिनं सासूकडून ऐकलं. वर्धा जिल्ह्यात कोणत्या जुन्या घरी बापू आले नाहीत, ते सांग आधी! मी पाहिली ती दारांवरची द्राक्षवेल, अन् आत लोणच्याच्या बरण्यांचे तेलकट गोल डाग.

पुतण्या : डागांना कोण पैसे देतं? शंभरी उलटलेली वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यानं देशाबाहेर जात नाही. बोली इथलीच, अन् इथं नाव चालतं. २००९मध्ये न्यूयॉर्कला बापूंचा चष्मा, घड्याळ, चपला, ताट-वाटी १८ लाख डॉलरला गेली. ती काय चांदी-चामड्याची किंमत होती?

आत्या : त्या वस्तू त्यांच्या होत्या.

पुतण्या : बापूही लिलाव करायचेच. नोव्हेंबर १९३३मध्ये वर्ध्याहून हरिजन दौरा निघाला, त्यात मिळालेली मानपत्रं, करंडक ते सभेतच विकत. हात लागल्याची किंमत त्यांनीही घेतली.

आत्या : हात लागताना सगळी सभा बघत होती, अन् पैसा हरिजन निधीत जायचा. आपण ऐकीव गोष्ट विकून तिचे चार वाटे करणार.

पुतण्या : मग गाळून टाकू? ती खरी असली तर? न सांगणंही लबाडीच. आपल्यामागं ती सांगणारं कोणी उरणार नाही.

आत्या : हे मात्र पटलं. खोटी म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नाही.

पुतण्या : ‘असं सांगतात’ म्हणून लिहू?

आत्या : बोली लावणाऱ्याला ‘सांगतात’ दिसत नाही, ‘बापू’ दिसतात. तुला हे ठाऊक आहे, म्हणूनच तर लिहायचंय. हातोडा पडू दे. मग घेणाऱ्याला गोष्ट लिहून दे, ‘ऐकीव, पुरावा नाही’ म्हणून सही कर.

पुतण्या : फुकट?

आत्या : पैसे घेतले की ती खरी असल्याची हमी आपल्यावर येते. फुकट दिली, की आपल्याला मिळाली तशीच पुढं जाते.

पुतण्या : त्यानं तो कागद फाडून साइडबोर्ड दुप्पट भावानं विकला तर?

आत्या : विकेलही. एक नक्कल आपल्याकडे ठेव.