जिन्यावरची सभा

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याजवळ, एका अरुंद गल्लीत, एक जुने तीन मजली घर होते. तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. खोलीत एक टेबल, एक बिनतारी संच, एक बॅटरी आणि एक जाड वही होती. गच्चीवरून समोरच्या गच्चीपर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणलेली होती. खालून जाणाऱ्याला ती कपडे वाळत घालायची दोरी वाटे. शेजारच्या आजीबाईंनी एकदा तिच्यावर खरेच लुगडे वाळत घातले. तरीही त्या दिवशी नागपूरचा माणूस ऐकू आला.

ती हौशी रेडिओवाल्यांची खोली होती. या मंडळींना जगभर हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, ‘व्हीयू’पासून सुरू होणारी आपली खूण घ्यायची आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशाशी हवेतून बोलायचे, एवढाच हा छंद. पैसा मिळत नाही. उलट जातो.

मंडळात सातजण होते. संस्था नोंदवायची तर आपल्याकडे १८६० च्या कायद्यापासून किमान सात माणसे लागत आली आहेत. म्हणजे नोंदणीपुरते ते होते. पण नोंदणी कोणी केली नव्हती. एक शेटजी होते, त्यांचे बाजारात कापडाचे दुकान. एक वकील होते. एक शाळेतल्या बाई होत्या. एक बँकेतले कारकून, एक रेडिओ मिस्त्री आणि मिस्त्रीच्या दुकानात काम शिकणारी एक मुलगी. सातवे आबा.

आबा तारखात्यातून निवृत्त झालेले. देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण आबांच्या बोटांतली कडकट्ट बंद झाली नव्हती. बोलता बोलता ते टेबलावर मोर्स वाजवत. खोली त्यांनीच भाड्याने घेतली. संच त्यांनीच जमवला. परवान्यावर जबाबदार माणूस म्हणून त्यांचेच नाव. खोलीची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात, वर्गणीचे पैसे त्याच खिशातल्या पाकिटात, आणि कुठली तार कुठे जोडायची हे त्यांच्या डोक्यात. दर रविवारी ते जुनी बॅटरी चार्जिंगला लावत. हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊकही नव्हते. पाच वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. असा माणूस मिळाला की बाकीचे निर्धास्त होतात.

एकदा मुलीने विचारले, “आबा, तुम्ही गावाला गेलात तर खोली कोणी उघडायची?”

आबा हसले. “मी कुठे जातोय?”

“पण लिहून ठेवायला काय हरकत आहे? कोणी काय करायचं ते?”

शेटजी म्हणाले, “आबांवर विश्वास नाही की काय तुझा?”

मुलगी गप्प बसली. वकील म्हणाले, “अगं, घरच्या माणसांत कसले नियम?” वकिलांनी असे म्हणावे, म्हणजे कमालच.

पुढच्या पावसाळ्यात आबांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. ते इंदूरला लेकीकडे गेले. घाईत गेले. बंडी अंगावर होती आणि किल्ली बंडीत.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सिंध नदीला पूर आला. ऑगस्ट २०२१ चा पूर त्या भागातल्या लोकांना आठवत असेल. तेव्हा दतिया जिल्ह्यात सिंधेवरचे पूल वाहून गेले होते. ही गोष्ट त्या पुराची नाही. नदी मात्र तीच. डबऱ्याच्या पलीकडे एका गावाला पाण्याने वेढले. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. गावकरी शाळेच्या गच्चीवर चढले. त्यांच्यात झाशीचा एक हौशी अडकला होता. त्याच्या गाडीत बिनतारी संच होता. त्याने गाडी उंचावर घेतली आणि सर्वांत जवळच्या मंडळाला हाक मारायला सुरुवात केली.

इकडे मिस्त्रीच्या दुकानात दुरुस्तीला आलेला एक रिसीव्हर बॅटरीवर चालू होता. मुलीने कान दिला. कोणी तरी आपल्याच मंडळाची खूण पुन्हा पुन्हा उच्चारत होते. होडी पाहिजे, औषधे पाहिजेत, एक बाळंतीण आहे, कलेक्टर कचेरीला कळवा. रिसीव्हरवर ऐकता येते. उत्तर देता येत नाही.

मुलगी धावत सुटली. घटकाभरात सहाहीजण तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर जमले. दाराला पितळी कुलूप होते.

“फोडा,” मुलगी म्हणाली.

मिस्त्रीने हातोडा उचलला आणि शेटजींकडे पाहिले. “फोडू?”

“मी कोण सांगणारा?” शेटजी म्हणाले. “खोली आबांच्या नावावर आहे. बाई, तुम्ही वयाने मोठ्या. तुम्ही सांगा.”

“मला काही अधिकार नाही हो. वकीलसाहेब?”

वकील म्हणाले, “भाडेकरार आबांचा, परवान्यावर नाव आबांचं. दुसऱ्याचं कुलूप फोडणं म्हणजे... त्यांना फोन लावा.”

फोन लावला. लेकीने उचलला. आबा डोळ्याला पट्टी बांधून झोपले होते. ती म्हणाली, “उठले की सांगते.”

कारकून म्हणाले, “कुलूप फोडलं तर नवं कुलूप कोणाच्या पैशांतून घ्यायचं? पैसे तर आबांकडे.”

कोणी नाही म्हणत नव्हते. कोणी हो म्हणत नव्हते. सहाहीजण भले होते, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला मान देत होता. असा मान देण्यात दीड तास गेला. शेवटी मुलीने मिस्त्रीच्या हातातला हातोडा घेतला आणि कुलूप फोडले.

आत संच होता. तिने बटण दाबले. दिवा लागला नाही. बॅटरी तीन रविवार उपाशी होती आणि शहरातही वीज नव्हती. मिस्त्री दुकानातून दुसरी बॅटरी आणायला गेला. मग तारांचा घोळ. भिंतीतून चार तारा येत होत्या, चारही काळ्या. अँटेनाची कोणती, ते आबांना माहीत. संच सुरू होईपर्यंत संध्याकाळ झाली.

मुलीने झाशीवाल्याला उत्तर दिले. तो म्हणाला, “होड्या आल्या. भोपाळच्या एका हौशाने माझं ऐकलं आणि ग्वाल्हेरला फोन केला. बाळंतीण दवाखान्यात पोचली. तुम्ही बरे आहात ना? मला वाटलं तुमच्याकडेच काही झालं.”

गाव पन्नास-एक किलोमीटरवर होते. निरोप चारशे किलोमीटरवरच्या भोपाळला जाऊन परत ग्वाल्हेरला आला. त्या रात्री कोणी कोणाशी बोलले नाही.

आठ दिवसांनी आबा परतले. फुटके कुलूप पाहून त्यांना राग आला. सगळी हकिगत ऐकून तर जास्तच आला. “एवढ्याशा गोष्टीसाठी अडून बसलात? मी होतो ना!”

“नव्हता ना, आबा,” मुलगी म्हणाली.

आबांची बोटे टेबलावर थांबली. बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. कुलूपच उरले नव्हते, तरी ठेवली. पाकीटही ठेवले. मग वकिलांना म्हणाले, “नियम लिहून आणा.”

वकिलांनी आठ दिवस लावले. चौसष्ट कलमे आणली, पोटकलमे वेगळी. शेटजी वैतागले. “सातजणांना चौसष्ट कलमं? असे नियम मोठ्या संस्थांना हवेत.”

शाळेतल्या बाई म्हणाल्या, “मोठ्या संस्थासुद्धा आधी लहानच असतात. आपल्या मध्य प्रदेशातलंच बघा. महूच्या लष्करी सिग्नल शाळेत १५ मे १९४८ ला हौशी रेडिओवाल्यांचा क्लब निघाला. पलटणीतली माणसं आज इथे, उद्या तिथे. तरी क्लब टिकला. दिल्लीला गेला, १९५४ मध्ये त्याची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली, आणि ती अजून आहे. सुरू करणारे कुठे गेले?”

यावर शेटजींना उत्तर सुचले नाही.

आबांनी पेन्सिल घेतली. तारेत शब्दाला पैसे पडत. गिऱ्हाइकाचा मजकूर छाटण्यात त्यांचा जन्म गेला होता. ‘उपरोक्त मंडळाच्या हितास कोणत्याही प्रकारे बाधा न येता’ यावर त्यांनी काट मारली. ‘यथोचित विचारविनिमयान्ती’ यावर मारली. वकील कळवळत होते. आबा एकेका कलमाशी थांबून एवढेच विचारत, “हे त्या दिवशी जिन्यावर उपयोगी पडलं असतं का?” नसते पडले, तर काट. माझ्या मते नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न टेबलावर चिकटवून ठेवावा.

शेवटी एका पानावर मावेल एवढे उरले. अध्यक्षाने सभा चालवायची. सचिवाने सभेचे इतिवृत्त लिहायचे, दिल्लीशी पत्रव्यवहार करायचा आणि परवान्याची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज धाडायचा. पैसे बँकेत, काढायला खजिनदार आणि अध्यक्ष अशा दोघांच्या सह्या. संच, बॅटरी, अँटेना आणि लॉगची वही केंद्रप्रमुखाकडे. हवेत काय जाईल आणि काय नाही, याबाबत त्याचाच शब्द शेवटचा. किल्ल्या तीन, तिघांकडे. सातांपैकी चार हजर असले तर सभा झाली असे समजायचे. निवडणूक दरवर्षी. एका पदावर सलग दोन वर्षांपेक्षा जास्त कोणी बसायचे नाही. हे शेवटचे कलम आबांनी स्वतः घातले.

उपाध्यक्षपद काढून टाकावे, असे कारकुनांचे म्हणणे पडले. त्या माणसाला काम काय? मुलगी म्हणाली, “अध्यक्ष नसतील तेव्हा असणं, हेच काम.” पद राहिले.

आणि एक कलम मुलीने सांगितले, ते जसेच्या तसे लिहिले गेले: पूर, भूकंप, आग अशा वेळी परवाना असलेल्या कोणाही सभासदाने कोणालाही न विचारता खोली उघडावी, संच सुरू करावा आणि मागाहून वहीत लिहावे.

निवडणूक झाली. सगळे म्हणाले, अध्यक्ष आबाच. आबा नको म्हणाले. शेटजींना मनातून व्हायचे होते, ते झाले. मुलगी केंद्रप्रमुख झाली.

दिवाळीच्या तोंडावर शेटजींचा कापडाचा माल सुरतेहून निघेना. ट्रान्सपोर्टवाला फोन उचलेना. त्याच्या गोदामासमोरच एका हौशाचे घर होते. शेटजी तीन मजले चढून आले. “पोरी, सुरत लाव. त्याला म्हणावं, जरा समोर जाऊन माल सुटला का बघ.”

“शेटजी, धंद्याचा निरोप हवेतून नाही जाणार. सरकारचे १९७८ चे नियम आहेत. आपल्याही पानावर आहे.”

“एक वाक्य तर आहे. आणि मी अध्यक्ष आहे!”

“सभेत आहात. या टेबलाशी केंद्रप्रमुखाचं चालतं. तुम्हीच सही केलीत.”

शेटजी आबांकडे वळले. आबा कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “मी साधा सभासद. मला कशाला विचारता?”

शेटजी पाय आपटत जिना उतरले. चार दिवस आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले, ते मिठाईचा पुडा घेऊन. माल आला होता, उशिरा. त्या रात्रीच्या सभेत त्यांनीच विचारले, “आबा, एक सांगा. तुम्ही सगळं एकटे उत्तम चालवत होता. मग हे सगळं कशासाठी?”

आबा म्हणाले, “खुर्चीवरचा माणूस उठला तरी काम बसू नये, एवढ्यासाठी.”

पुढच्या पावसाळ्यात वीज गेली, नदी चढली, आणि खोली दहा मिनिटांत उघडली गेली. कोणी उघडली, किती वाजता, कोणाशी बोलणे झाले, ते सगळे लॉगच्या वहीत आहे. आबा त्या वेळी घरी झोपले होते. त्यांना कोणी उठवले नाही.

त्या वर्षी त्यांनी वर्गणी महिनाभर उशिरा भरली. खजिनदाराने दहा रुपये दंड घेतला आणि पावती दिली.