खळ्यातून शाळेत

कोकणात शाळा उघडतात तेव्हा मिरगाचा पाऊस ऐन रंगात आलेला असतो. त्या आठवड्यात बांद्याच्या आसपासच्या एखाद्या वाडीत, सकाळी अंगणवाडीच्या पडवीत उभे राहून पाहावे. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात नातवाचे मनगट धरून आजी येते. पायरीपर्यंत पोर बरे चाललेले असते. तिथे आजीने हात सोडवून घेतला की ते तिच्या पदराला लोंबकळते आणि ‘माका घराक जावचा आसा’ एवढे एकच वाक्य घोकत राहते. मदतनीस त्याला उचलून आत नेते. आजी मागे वळून न बघता निघते, कारण तिला तसेच सांगितलेले असते. दारातले कोणीतरी हमखास म्हणते, ‘दोन दीस रडतला, मगे गप रवतला.’

ते गप्प राहते हे खरेच आहे. पण गप्प राहिले म्हणजे रुळले, हा आपल्याकडचा सर्वमान्य समज मला मान्य नाही.

१९५२ साली इंग्लंडात बालमनाचे अभ्यासक जेम्स रॉबर्टसन यांनी एक साधा लघुपट केला. अडीच वर्षांची एक मुलगी किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहते, एवढेच त्यात आहे. त्या काळी तिथल्या इस्पितळांत आईवडिलांना मुलाजवळ थांबू देत नसत. भेटून गेले की मूल रडते, मग न भेटलेलेच बरे, असा हिशेब. ही मुलगी आक्रस्ताळेपणा करत नाही. ती शहाण्यासारखी वागते, आणि दिवसागणिक विझत जाते. परिचारिकांना जी ‘गुणी’ मुलगी वाटत होती, ती खरे तर आशा सोडत चालली होती, हे रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी, मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी दाखवून दिले. डॉक्टर मंडळी आधी चिडली. पुढे १९५९च्या प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डाचे दार आईबापांसाठी उघडे ठेवा, अशी शिफारस केली. इस्पितळ आणि अंगणवाडी यांत अंतर आहे, हे मला कळते. इथे मूल दुपारी घरी परतते. तरीही शांत बसलेल्या मुलाकडे बघून मोठ्यांनी किती लवकर निश्चिंत व्हावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

बोल्बींचे सगळेच मात्र आपल्या घरांना लागू पडत नाही. मुलाच्या वाढीत त्यांनी आईला सर्वस्व केले. कोकणातले मूल एका मांडीवर कधी वाढलेच नाही. बाप मुंबईच्या गिरणीत, गणपतीला आणि शिमग्याला उगवणारा. आई शेतात, पाणवठ्यावर, गोठ्यात. मूल आजीकडे, काकीकडे, थोरल्या बहिणीच्या कडेवर. ताटातूट आमच्या घरांना नवी नव्हतीच. पण एक माणूस दूर गेले तरी हाताशी दुसरे चार असत. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सकाळपासून पाच-सहा चुलत भावंडांचा धुडगूस चाले आणि त्यातली दोन-तीन आधीच शाळेत जाणारी. त्यामुळे पहिल्या दिवशी पोर शाळेत ‘सोडले’ जात नसे, ते भावंडांच्या मागून चालत जाई. दोनशिक्षकी शाळेत पहिलीतले पोर रडायला लागले की गुरुजी त्याला तिसरीतल्या बहिणीशेजारी नेऊन बसवीत. बालमानसशास्त्राचे एक पान न वाचता केलेली ही सोय मला आजही फार शहाणपणाची वाटते.

ती सोय आता उरली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, २०११मध्ये ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्र वाढत असताना हा जिल्हा आक्रसला. ज्या घरात सात पोरे असत, तिथे आता एक नातवंड आणि दोन म्हातारी माणसे. बांदा तर गोव्याच्या वेशीवर. पत्रादेवीचा नाका ओलांडून म्हापसा, थिवी, पिळर्ण इथल्या कारखान्यांत आणि दुकानांत कामाला जाणारी माणसे घरोघर आहेत, आणि मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आणखी वाढली. कंपनीची गाडी पहाटेच येते. मूल उठते तेव्हा आई गेलेली असते. दिवसभर आजी, आणि आजीच्या हातातला मोबाइल.

म्हणून ‘सहा वर्षांपर्यंत घरीच राहू दे’ हा सल्ला मी देणार नाही. घरात दुसरे मूलच नसेल तर घर कसले? पूर्वी खळे जे देत होते ते देणारी जागा आता अंगणवाडीच आहे. प्रश्न एवढाच, की ती जागा खळ्याला धरून असावी की खळ्यापासून तोडणारी.

याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी शोधून ठेवले आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना माँटेसरींच्या पद्धतीत मुरल्या. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण हे बालशिक्षण शहरातल्या बऱ्या घरांतच अडकून पडते, हे ताराबाईंना डाचत होते. १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली, तरी वस्तीतली मुले येईनात. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष न देता बालवाडीच उचलून वस्तीत, लोकांच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. महागडी साधने बाजूला सारून बिया, शिंपले, पाने, खडे घेतले. १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींमध्ये काम सुरू झाले. तिथे थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. मुलाच्या आयुष्यात जी माणसे आणि कामे आहेत, त्यांना अडथळा न मानता शाळेने त्यांच्याशी जमवून घ्यायचे, हा त्या प्रयोगाचा गाभा.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. अंगणवाडी हे नाव देशभर गेले, गाभा मात्र बोर्डी-कोसबाडलाच राहिला. सेविकेने पोरांची वजने घ्यायची, लसीकरणाला बोलवायचे, आहाराची पाकिटे वाटायची, मोबाइलवर नोंदी भरायच्या, सरकारी सर्वेक्षणे करायची. यातून वेळ उरलाच तर गाणी. तिला मिळते ते वेतन नाही, मानधन. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२मध्ये निकाल द्यावा लागला. कायद्यानेही धाकट्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवले आहे. मूळ घटनेतल्या मोफत शिक्षणाच्या ४५व्या कलमात चौदा वर्षांखालची सगळीच मुले होती. २००२च्या घटनादुरुस्तीने हक्क दिला तो सहा ते चौदा वयाला, त्याखालच्यांची सोय शासनाच्या सदिच्छेवर सोडली.

ही पोकळी पिवळ्या व्हॅनने भरली. तीन वर्षांचे पोर टाय लावून, ओळखीचे कोणीच नसलेल्या गाडीत बसून, काही किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जाते. आईबापांना हसण्यात अर्थ नाही. पलीकडे गोव्यात २०११ साली सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरवले. सीमेवरच्या माणसाला तिकडच्या पाहुण्यांकडे गेले की आपले पोर मागे राहील ही धास्ती वाटते आणि कारखान्यात इंग्रजीवाचून अडलेले त्याने स्वतः अनुभवलेले असते. धास्ती खरी आहे, तीन वर्षांच्या मुलावर काढलेला उपाय चुकीचा आहे. इंग्रजी आठव्या वर्षी शिकता येते. परक्या माणसांत आपले म्हणणे कोणाला तरी कळते हा भरवसा मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षीच लागतो, आणि तो मुलाला घरच्या बोलीतच मिळतो.

इथे मराठी शाळाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. ‘माका’ म्हटले की ‘मला म्हण’ म्हणून लगेच टोकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. घाटावरून आलेल्या शिक्षकाला मालवणी कळायला वर्ष जाते आणि कळेपर्यंत त्याची बदलीही होते. २०२५च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत पहिलीतल्या मुलाने तिसरी भाषा कोणती शिकावी यावर अख्खे राज्य भांडले आणि शेवटी सरकारने पहिलीपासून हिंदीचा निर्णय मागे घेतला. त्या गदारोळात पहिलीतल्या मुलाच्या स्वतःच्या बोलीचे काय, हे विचारणारे मोजकेच होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेचा आग्रह आहे. वाडीतल्या वर्गात तो पोचायचा आहे.

आणि आता वाडीतला वर्गच राहील की नाही, ही चिंता. सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. सहावी-सातवीच्या मुलांसाठी ही कल्पना मी एकदम धुडकावणार नाही. तीन मुलांच्या वर्गात धड लंगडीचा डावही होत नाही. पण पहिली-दुसरीचा वर्ग आणि त्याआधीची अंगणवाडी चालत जाण्याच्या अंतरावरच हवी. तेरेखोल नदीला पूर आला की बांद्याच्या बाजारपेठेत पाणी शिरते. ऑगस्ट २०१९च्या पुरात काय झाले ते आठवा आणि सहा वर्षांच्या पोराला बसने दूर पाठवण्याचा विचार पुन्हा करून पाहा.

मग वाडीतच काय करता येईल? ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेच लागतात. त्यातून अंगणवाडीच्या पडवीत दोन बाकडी घालावीत आणि शाळा उघडल्यावरचा पहिला पंधरवडा आजीला तिथे बसू द्यावे. मूल आत खेळेल, मधूनच बाहेर येऊन ती आहे ना ते बघून जाईल, आणि एक दिवस बघायला यायचे विसरेल. शाळेत एखादे मोठे भावंड असेल तर त्याला मधल्या सुट्टीत इकडे येऊ द्यावे. सेविका वाडीतली असेल आणि मालवणीत बोलेल एवढे पाहावे. यातल्या एकाही गोष्टीला मुंबईच्या शासन निर्णयाची गरज नाही. येत्या ग्रामसभेत ठराव करता येतो.