करंगळीची ओवी

काल रात्री साडेनऊला वीज गेली आणि माझा पियानो मुका झाला. इलेक्ट्रिक आहे तो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, बोटाला खऱ्या पियानोसारख्या जड लागतात, पण वीज नसली की नुसती फळी. परभणीत मे महिन्यात वीज गेली की आधी पंखा थांबतो आणि मग माणूस. घरातले सगळे सतरंज्या घेऊन गच्चीवर गेले. मी बसून राहिले, कारण बोटं चालू होती आणि ती थांबवायचाही कंटाळा आला होता.

अंधारात नुसता पट्ट्यांचा आवाज येत होता. ठप, ठप, ठप, टिक. दोन मिनिटं झाल्यावर ध्यानात आलं की ठप आहे तो अंगठ्याचा आणि टिक आहे ती करंगळीची. आणि या तुकड्यात गाणं तर करंगळीकडे दिलेलं आहे.

तुकडा म्हणजे बीथोव्हनच्या ‘पाथेटिक’ सोनाटाचा मधला भाग. सोनाटा १७९९ साली छापला गेला. बीथोव्हन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. या मधल्या भागावर त्याने दोनच इटालियन शब्द लिहिलेत, अडाजो कांताबिले. हळू, आणि गात. सगळे मिळून ७३ बार. बार म्हणजे स्वरलिपीतला दोन उभ्या रेघांमधला खण. आमच्या घरात हा शब्द उच्चारला की अजून हशा पिकतो. वाजवायला पाच मिनिटं लागतात. मला पहिल्या आठ बारांना चार महिने लागलेत आणि ते अजून झालेले नाहीत.

शिकवते भाची. ती पुण्यात लहान मुलांना पियानो शिकवते आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर मला. सुरुवातीलाच म्हणाली होती, ‘‘मावशी, जगात जर्मनी, भारतात परभणी. मग बीथोव्हन नाही तर कोण?’’ परभणीच्या माणसाला ही म्हण ऐकवली की तो नाही म्हणू शकत नाही. मीही म्हणाले नाही.

खरं तर मला वाटलं होतं, हे सोपं जाईल. लहानपणापासून पेटी वाजवलेली. भजनी मंडळात साथ केलेली, पट्ट्या ओळखीच्या, सूर ओळखीचे. हा तुकडा ए फ्लॅटमध्ये आहे असं भाचीने सांगितलं. मी पट्ट्या मोजल्या. अगं, ही तर आपली काळी चार! आमच्या मंडळातल्या निम्म्या बायका याच पट्टीत गातात. काळी चारचा सा धरला की बीथोव्हनचे पहिले चार सूर ग, रे, प, म असे पडतात. ग आणि रे सारख्या लांबीचे, प दीडपट लांब, आणि त्याच्या शेवटाला लटकलेला छोटा म. इतकं साधं, की पहिल्या रविवारीच वाजवून दाखवलं.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘बरोबर आहे. पण तू पट्टी दाबतेस आणि लगेच पुढच्या पट्टीकडे पळतेस. वाजलेल्या सुराचं पुढं काय झालं, ते कुणी बघायचं?’’

पेटीवाल्याला हा प्रश्नच पडत नाही. पेटीत हवा आहे तोवर सूर आहे. तो तुमची वाट बघत उभा राहतो. भात्यावरचा हात जरा नेटाने दाबला की फुगतो, सैल सोडला की नमतो. पेटीवर रागही आला तो दुसऱ्याच कारणाने. तिच्या सुरांना मींड नाही, दोन सुरांच्या मधली वाट ती दाखवू शकत नाही, म्हणून १९४० साली रेडिओने तिला बंदी घातली आणि ती बंदी तीस वर्षं टिकली. आमच्या शेजारच्या जालन्यात जन्मलेले आप्पा जळगावकर त्याच काळात पेटीवर घडले. गाणारी पेटी काय असते ते त्यांनी पुढे मैफलीत दाखवलं. भाता आणि बोटं यांच्यात त्यांनी असा काही समझोता केला होता, की मींड नाही हे ऐकणारा विसरून जायचा.

पियानोला भाताही नाही. पट्टी दाबली की आत नमदा लावलेली हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. झालं. त्यानंतर बोटाने कितीही आर्जवं केली तरी त्या सुराचा आवाज कणभर वाढत नाही. बोट पट्टीवर ठेवलं तर तो आपल्या मरणाने मरतो, उचललं तर आधीच गळा दाबल्यासारखा बंद होतो. आणि मरतोही सरळ रेषेत नाही. पहिल्या क्षणात झपकन उतरतो, मग उरलेली शेपटी बराच वेळ विरत राहते. माझा इलेक्ट्रिक पियानो या सगळ्याची हुबेहूब नक्कल करतो, म्हणजे मरण्याचीसुद्धा. १७०० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य घडवलं ते हळू आणि जोरात असं दोन्ही वाजावं म्हणून. ते वाजतं. पण वाजल्यावर काय, याचं उत्तर त्याने वाजवणाऱ्यावर सोडून दिलं.

भाचीने दिलेला अभ्यास ऐकायला पोरखेळ वाटतो. ग वाजवायचा आणि थांबायचं. तो किती खाली आला ते कानाने बघायचं. तो जिथे पोचला असेल, नेमक्या तेवढ्याच आवाजात रे ठेवायचा. वाजवायचा नाही, ठेवायचा. दीडपट लांबीचा प तर फारच अडचणीचा, कारण तोवर तो बराच उतरलेला असतो आणि त्याला चिकटून येणारा तो छोटा म मी दर वेळी दारावर थाप मारल्यासारखा वाजवते. कान म्हणतो दोन वेगळे सूर झाले, ओळ झाली नाही. म त्या प च्या शेपटीतून निघाला पाहिजे. मींड नाहीच, पण मींड असल्याचा भास इथेच कुठेतरी तयार होतो. दोन सुरांच्या मध्ये वाट नसली, तरी दुसरा सूर पहिल्याच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला की ऐकणारा मधली वाट स्वतःच चालून येतो.

हे शिकताना आठवतं, सोनाटा लिहिला त्याच वर्षांत बीथोव्हनचे कान दगा द्यायला लागले होते. १८०१ सालच्या पत्रात त्याने मित्राला तसं लिहिलं आहे. सुराची शेपटी ऐकल्याशिवाय जे वाजवताच येत नाही, ते त्याने अशा दिवसांत लिहिलं. पण यावर फार गहिवरून चालत नाही, कारण गहिवरलं की माझी लय पडते.

लय पडणं हा माझा दुसरा आजार. हळू म्हटलं की मला वाटतं, प्रत्येक वळणावर जरा रेंगाळावं. भाची एकदा वैतागून म्हणाली, ‘‘मावशी, दर चार सुरांना उसासा टाकू नकोस गं.’’ मग तिने स्वरलिपी कॅमेऱ्यापुढे धरली. वर गाणं, खाली खर्जाचे सूर, आणि या दोघांच्या मध्ये एका मात्रेत चार असे बारीक सूर, सुरुवातीपासून न थांबता. ते मधले सूर बहुतेक उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने वाजवायचे. गाणं वाजवायचं त्याच हाताच्या अनामिकेने आणि करंगळीने. म्हणजे एकाच हाताचे दोन भाग, एकाने गायचं, दुसऱ्याने फिरायचं.

हे ऐकल्यावर मला गंगाखेडचं घर आठवलं. जनाबाईचं गंगाखेड. माझ्या मावशीच्या परसात पडवीला जातं होतं. पहाटे मावशी आणि तिची जाऊ समोरासमोर बसायच्या, एक पाय पसरून, खुंट्यावर दोघींचा हात. ज्वारी असायची, इथली ज्वारी अशी, की आमच्या कृषी विद्यापीठाने वाणांना नावंही ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ अशी दिली. मावशी डाव्या हाताने जात्याच्या तोंडात घास टाकायची आणि ओवी उचलायची. ओवी कुठेही लांबायची. एखाद्या शब्दावर ती इतकी थांबायची, की मी अर्धवट झोपेत वाट बघायची आता पुढचा शब्द येतो की नाही. पण जातं थांबायचं नाही. घरघर एकसारखी. ओवीतल्या भावाला सासरी यायला उशीर झाला म्हणून खुंटा कधी रेंगाळला नाही. जोरात ओढलं तर पीठ गरम होतं आणि भाकरी नीट होत नाही, असं जाऊबाई म्हणायची. थांबलं तर परत ओढून लय धरताना खांदा दुखतो.

मोत्सार्टने १७७७ साली वडिलांना लिहिलेल्या एका पत्रात हेच सांगितलंय. संथ भागात उजवा हात गाण्याच्या ओढीने मागेपुढे झाला तरी डाव्याने आपली लय सोडायची नसते, आणि लोकांना हे पटतच नाही, अशी त्याची तक्रार आहे. त्याला जातं ठाऊक असण्याचं कारण नाही. ठाऊक असतं तर एका ओळीत सांगून मोकळा झाला असता.

तेव्हापासून मी मधल्या सुरांना जातं म्हणते. भाचीलाही आता तोच शब्द तोंडात बसलाय. पुढे जाऊन, शेवटच्या वेळी हीच चाल परत येते तेव्हा मधले सूर मात्रेला चाराच्या जागी सहा होतात. ‘‘जातं तेच,’’ मी तिला म्हटलं, ‘‘पीठ बारीक.’’ ती हसली आणि म्हणाली, ‘‘तिथवर पोच आधी.’’

मावशी गेली, जातं परसात उलटं पडलंय, त्यावर कुंडी आहे. पण आमच्या जिल्ह्यातल्या ताडकळसला १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात. गी पॉइतेवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या त्या. गाणाऱ्या बाईचा आवाज तयारीचा नाही. कुठे सजवलेला नाही, कुणाला ऐकवायचा म्हणून लावलेला नाही. ओळीचा शेवटचा सूर ती जिथे सोडते, पुढच्या ओळीचा पहिला सूर बरोबर तिथूनच, तेवढ्याच बळाने उचलते. मी ते चार-पाच वेळा ऐकलं. भाचीने चार महिने जे समजावलं, ते ताडकळसच्या त्या बाईला कुणी समजावलं नव्हतं. अर्थात तिच्या अंगठ्याकडे हातभर लांब खुंटा होता, माझ्या अंगठ्याकडे पट्टी आहे, एवढं मी माझ्या बाजूने म्हणते.

तर काल रात्रीचा अंधार आणि तो ठप. सूर चालू असताना कान गाण्यामागे जातो आणि अंगठ्याला माफ करतो. सूर गेले तेव्हा कळलं की माझं जातं ओवीपेक्षा मोठ्याने फिरतंय. अंगठा हाताचा पैलवान आहे, आणि करंगळी ही घरातली सगळ्यात धाकटी. तिला आयुष्यात चहाच्या कपाचा कान धरताना बाजूला उभं राहण्याखेरीज दुसरं काम दिलं नाही. मग मुक्या पट्ट्यांवर बसून बघितलं. अंगठा पट्टीवरून उचलायचाच नाही, पट्टीला चिकटून राहायचं आणि ती पूर्ण वर यायच्या आत परत दाबायची. मनगट जरा बाहेरच्या बाजूला कलतं करून हाताचा भार करंगळीकडे ओतायचा. ठप हळूहळू पुसट होत गेला. टिक मात्र राहिली. अर्धा तास, घामाने पट्ट्या ओल्या. गच्चीवरून कुणीतरी विचारलं, ‘‘खाली काय कुटतेयस?’’

पावणेअकराला वीज आली. पंखा, फ्रिज, शेजारचा टीव्ही, सगळे एकदम बोलायला लागले. मी आवाज कमी करून पहिले चार सूर वाजवले. ग. रे. प ला थांबले, तो उतरताना ऐकला, आणि म ठेवला. पहिल्यांदा थाप नव्हती. परत वाजवलं तर थाप होती. तिसऱ्यांदा परत नव्हती. तेवढ्यात फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि उशीर झालेला असूनही भाचीला पाठवून दिलं.

सकाळी नळाचं पाणी भरताना तिचं उत्तर आलं. दोन शब्दांचं.

‘‘मावशी, अंगठा.’’