खोक्यातली भिंत

माझा पुतण्या पुण्यात असतो. त्याला कोळी-विंचू पाळायचा नाद. यंदा शिमग्याला गावी आला तेव्हा म्हणाला, "काका, काचेची पेटी एकच आहे. मधे भिंत घातली तर एका बाजूला टॅरांटुला आणि दुसरीकडं विंचू राहील ना?" मला हसू आलं. ती भिंत मी पन्नास वर्षांपूर्वी घालून बसलो होतो.

महाडच्या बाजूला आमचं गाव. जांभ्याचे बांध, पेंढ्याच्या उडव्या, सरपणाचे ढीग. म्हणजे विंचवाचं माहेरच. काळी इंगळी बघून पोटात गोळा येतो, पण तिच्या विषानं माणूस सहसा दगावत नाही. तांबडा विंचू तिच्यापुढं एवढासा, पण खरा जहरी तोच. नांगी मारली की घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, छातीत पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळ्यांनी माणसं वाचवली ती १९८०च्या दशकात. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं. तेव्हा मांत्रिक आणि नशीब, दोनच आधार. खालच्या वाडीतल्या एका पोरानं पेंढ्यात हात घातला आणि दुसरा दिवस काही त्याला दिसला नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मी विंचू धरला. दहा वर्षांचा होतो. एक लाकडी खोका, समोर खिडकीची जुनी काच, मधे डालड्याच्या डब्याचा पत्रा. एका बाजूला बांधातल्या बिळातून काढलेला केसाळ कोळी, त्याला चार बोटं ओलसर माती. दुसऱ्या बाजूला तांबडा विंचू, त्याला कोरडी वाळू आणि लपायला जांभ्याची चीप. पाण्याला ओला कापूस, खायला झुरळं आणि नाकतोडे. कोळी माती उकरतो म्हणून पत्रा पार तळापर्यंत नेला. मला वाटलं, दोघांचाही विचार केला, झालं.

आजी येऊन बघून गेली. म्हणाली, "ही भित कुनासाठी रं?"

"नाय तर एकमेकांना खातील ना!"

"मग बांधावर कुनी घातलीय भित?"

मला उत्तर सुचलं नाही. बांधावर एका दगडाखाली हा, चार हातांवर तो. रात्री गाठ पडली तर एखादा मरतोही, पण पळायला जागा असते. ती जागा मी काढून घेतली आणि बदल्यात पत्रा दिला. तोही अर्धाच. ही जनावरं डोळ्यांनी फारसं बघत नाहीत. पायाखालची थरथर त्यांना कळते. पलीकडं कुणीतरी हलतंय हे दोघांनाही रात्रभर कळत असणार, आणि लांब जायची सोय नाही. चावायचं थांबलं म्हणजे भीती थांबली, असं मी धरून चाललो होतो.

आठव्या दिवशी सकाळी चिपेखाली विंचू नव्हता. काच गुळगुळीत, तिच्यावर तो चढत नाही. पण खोक्याचं लाकूड खरबरीत होतं आणि झाकणाला फट होती. घरात धाकटी बहीण सहा महिन्यांची. पाळणा अंगणात काढला, वाकळा झटकल्या, भांडी हलवली. विंचू सापडला नाही. आई तीन रात्री बहिणीला मांडीवर घेऊन कंदिलाशेजारी बसली. मला एका शब्दानं बोलली नाही. चौथ्या दिवशी तो पाट्याखाली निघाला आणि बाबांनी चपलेनं ठेचला. मग खोका माझ्या हातात दिला. "कोळी जिथला तिथं सोडून ये."

साधू आणि विंचवाची गोष्ट आपल्याकडं सगळे सांगतात. विंचू डसतो तरी साधू त्याला पाण्यातून काढतोच. दयेची गोष्ट म्हणून सांगतात. मला आता तिच्यातलं दुसरंच दिसतं: साधूनं त्याला काठावर ठेवलं, घरी नेलं नाही. माझी माया घरी नेणारी होती. तिच्यापायी विंचू मेला, आईच्या तीन रात्री गेल्या, आणि बहिणीचा जीव मी तिला न विचारता पणाला लावला होता.

पुतण्या म्हणतो, "काका, माझा कोळी पेटीतच जन्मलाय. त्याला बांध कुठून आठवणार?" खोटं नाही त्याचं. पण मादी असेल तर ती वीस वर्षंही जगते. तेवढी वर्षं तिला लागेल ते देणं हा नाद राहत नाही, जबाबदारी होते. तिथं भिंत घालून जागा वाचवायला बघणं मला पटत नाही.

त्याला म्हटलं, "दोन पेट्या घे. एक ओलसर, एक कोरडी, आणि लांब लांब ठेव. झाकणाला कडी लाव. आणि आधी घरातल्यांना विचार. मी विचारलं नव्हतं."